भविष्य असलेली गल्ली

शहर कुठल्या अंगाने वाढतं आणि पैसा त्याच्यामागे कसा धावतो, या संशोधनात अर्थशास्त्राच्या मास्तरांची हयात गेली. फिरायचा त्यांना भारी कंटाळा, म्हणून अभ्यासाला ते नेहमी स्वतःचीच गल्ली घेत. 'या भागाला उज्ज्वल भविष्य आहे,' असा अहवाल छापून आला, की घरमालक तो वाचून भाडं दुप्पट करी आणि मास्तर बिऱ्हाड उचलून शहराच्या आणखी बाहेर जात. असं दोनदा झालं.

तिसऱ्या गल्लीत बायकोने हातच जोडले. "अहो, या वेळी तरी गल्लीला नावं ठेवा!"

मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा विद्येशी बेइमानी केली. 'या भागाची वाढ खुंटली आहे,' असं ठोकून दिलं. ते वाचून घरमालकाचं धाबं दणाणलं. मिळेल तो भाव पदरात पाडून त्याने अख्खी इमारत बिल्डरला विकली. बिल्डर काही वाचत नसे. त्याने इमारत पाडायला काढली.

अहवालाच्या उरलेल्या प्रतींत कपबश्या गुंडाळत बायको म्हणाली, "खरं लिहा नाहीतर खोटं लिहा, टेम्पो आपल्याच दारात येतो."