मासोळीचा रस्सा आणि मायचं निराधार असणं

जवाहरनगरच्या बाजूला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून माझी निवड झाली, तेव्हा मायला ती नोकरीच वाटली. हे वर्षभराचं शिकणं आहे, मिळतं ते विद्यावेतन, पगार नाही, असं मी पुष्कळ समजावलं. माय म्हणाली, "महिन्याले बँकेत पैसे येतेत ना? मंग नोकरीच म्हणतेत त्याले."

बाबा तलावात बुडाले तेव्हापासून घर चाललं ते मायने विकलेल्या मासोळ्यांवर आणि निराधार योजनेच्या पैशावर. आता तिचे गुडघे गेले होते, टोपली सुटली होती. उरले ते योजनेचेच पैसे.

आमच्या ढिवर मोहल्ल्यात लेकराची पहिली कमाई आली की मोठ्या गंजात मासोळीचा रस्सा शिजतो आणि सगळे जेवतात. पोरगी असली म्हणून काय झालं, हे मायला दाखवायचंच होतं. तिने कोतवालकाकांनाही बोलावलं. तलाठ्यासाठी घरोघरची चौकशी तेच करत. मी म्हटलं, त्यांना राहू दे. मायने मला वेड्यात काढलं.

काका पोटभर जेवले. हात धुताधुता त्यांनी विचारलं, "पोरीले किती भेटते वं?" मायने आकडा सांगितला, तोही वाढवून. काकांनी मान हलवली आणि रस्सा झकास झाल्याचं सांगून गेले.

पुढे कोणी काहीच बोललं नाही, आणि तेच मला खात होतं. सकाळी बस धरायला निघाले की काका ग्रामपंचायतीसमोर उभे असायचे. "ड्युटीवर का?" एवढंच विचारायचे. मला त्या माणसाची भीती वाटायला लागली. लेथ मशीनवर हात बसत चालला होता, त्याचा आनंदही धड होईना. मग एका महिन्यात मायचे पैसे आलेच नाहीत. पुढच्याही महिन्यात नाहीत.

मायला घेऊन मी तहसील कार्यालयात गेले. तिथले बाबू शांतपणे म्हणाले, "घरात कमावतं माणूस आहे, असा अहवाल आहे." मी कारखान्याचं पत्र पुढे केलं. वर्षानंतर हे बंद होणार, पुढे कामाची हमी नाही, असं त्यातच लिहिलं होतं.

"बंद झालं की नवा अर्ज करा. मंजुरीले वेळ लागते."

संताप आला, पण काढायचा कोणावर? काकांनी काही पदरचं जोडलं नव्हतं. मायने कौतुकाने सांगितलं तेच त्यांनी वर कळवलं होतं. वर्ष सरलं की तेलही जाणार होतं आणि तूपही.

परतताना एसटीत, गाव जवळ आलं तशी मायने माझा हात धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला होता.

"तुहं लगन करून देलं तं तू दुसऱ्या घरची होशीन," ती म्हणाली. "मंग मी परत निराधार होईन ना वं?"

त्याच रविवारी तुमसरचे पाहुणे मला बघायला आले.