दादाच्या शर्टाचा वास

कुरकुंभला आमच्या खोलीत सकाळ उजाडायची ती वासानं. कडवट, नाकाला झोंबणारा रसायनांचा वास... खिडकीच्या गजांना, दोरीवरच्या सदऱ्यांना, अगदी पिठाच्या डब्यालासुद्धा चिकटलेला. आप्पा शिफ्ट संपवून आले की त्यांच्याआधी तोच उंबरठा ओलांडायचा, आणि आई त्यांचे कपडे दोन बोटांत धरून बादलीत बुडवत म्हणायची, "मुडदा बशिवला त्या कंपनीचा!"

त्याच बादलीत माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, शाळेचा शर्ट असायचा. त्यालाही वास यायचा. आईला वाटे, वाऱ्यानं आला असेल. आमच्याकडे सगळ्याच वासांचं खापर कंपनीवर फुटायचं.

दादा बोलताना अडखळायचा. वर्गात धडा वाचायची पाळी आली, की पहिल्याच अक्षरावर त्याची जीभ रुतून बसायची आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची. चौदा-पंधराचा पोर, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचा. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

एका संध्याकाळी दूध आणायला गेले, तर तो चौकातल्या टपरीवर दिसला – कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या कामगारांत उभा, ओठांत सिगारेट, आणि चक्क काहीतरी सांगत होता! शब्द अडला की तो झुरका घ्यायचा, डोळे किलकिले करून संथपणे धूर सोडायचा, आणि धुरापाठोपाठ शब्द अलगद सुटून यायचा. कुणी हसत नव्हतं. सिगारेट ओढणारा माणूस मधेच थांबतो, यात हसण्यासारखं काय? "मग फुडं काय झालं, भाऊ?" एकानं विचारलं. भाऊ! माझ्या दादाला! अहो, खरं सांगते, आनंदानं माझे डोळे भरून आले.

मग आप्पांची कंपनी बंद पडली. त्यांच्या सदऱ्यांचा वास हळूहळू गेला – दादाच्या शर्टाचा गेला नाही. आईनं शर्ट नाकाशी धरला, आणि तसाच आप्पांपुढं टाकला.

"कवापासनं वढतोस? बोल की! त्वांड न्हाई का तुला?" आप्पांनी हात उगारला. दादाचे ओठ हलले, मानेच्या शिरा ताठल्या... आणि नकळत त्याचा हात खिशाकडे गेला. ते पाहून आप्पांचा हात तसाच खाली आला. त्यानंतर त्या घरात हा विषय कुणी काढला नाही.

इतक्या वर्षांनी, परवा दादाला दौंडच्या दवाखान्यात नेलं. खोकून खोकून पार चिपाड झालाय. डॉक्टर म्हणाले, आता सोडली नाही तर काही खरं नाही. बाहेर येऊन मी त्याचा हात घट्ट धरला, रडले. "दादा, तुझ्या लेकरांकडं बघून तरी सोड की रं."



"स-सोडतो," तो म्हणाला, "आन् मग... ब-ब-बोलू कसा गं?"

त्यानं सिगारेट पेटवली, आणि लेकरांच्या शाळेबद्दल छान, भरभरून बोलत राहिला.