रुखवतातले नखुले

इटालियन जेवण मी मुंबईच्या हॉटेलात दोनदा खाल्लं आणि दोन्ही वेळा ते चुकलेलं होतं. एकदा पीठ शिजून लगदा झालेलं, एकदा टमाट्याच्या रसात साखर. वेटरला तसं सांगितलं, तर तो माझ्या नऊवारीकडेच बघत राहिला. आमचे हे हळूच म्हणाले, "जाऊ दे, आपल्याला काय कळतं त्यातलं?" मला कळतं. मी ते सासरी, धावडा गावच्या आमराईत खाल्लेलं आहे.

लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या आमराईत दोन राहुट्या लागल्या. इटलीचा एक चित्रकार आणि त्याची बायको. अजिंठ्याची लेणी त्यांची बघून झाली होती. लेण्यांतली माणसं आजही आसपासच्या गावांत हिंडतात, असं साहेबाचं म्हणणं. म्हणून तो गावोगाव मुक्काम करून माणसांची चित्रं काढायचा. त्यांना दूध आमच्या घरून जायचं. पोचवायला गडी होता, पण मीच जायला लागले. मला बघायचं होतं. सासूबाई कुरकुरल्या, पण थांबवलं नाही.

बाईची उर्दू मोडकी, माझी त्याहून मोडकी. त्यामुळे दोघींचं बराबर जमलं. तिनं आमच्याच बन्सी गव्हाचं पीठ घेतलं, मधे आळं केलं, त्यात चार अंडी फोडली आणि मळायला बसली. पाणी नाही. लाटून, घडी घालून तिनं सुरीनं पट्ट्या कापल्या आणि उकळत्या पाण्यात सोडल्या. मी दोनदा म्हटलं, अजून शिजू द्या. तिनं ऐकलं नाही, आणि बरंच केलं. वर लसूण, लाल मिरची, डब्यातलं जैतुनाचं तेल आणि जालन्याच्या बाजारातून आणवलेले टमाटे. चीज किसून घालायला लागली तेव्हा मी हात आडवा धरला. त्याचा वास मला आजही सोसत नाही. बाकी सगळं मी ताट पुसून खाल्लं. आमच्या घरात अंडं चालत होतं, त्यामुळे विचार करायचं कारण नव्हतं.

साहेब संध्याकाळी पेले मांडायचा. त्याच्याजवळ एक लाल, कडू दारू होती. त्यात गोटीच्या बाटलीतला सोडा आणि संत्र्याची फोड. मी चाखली. काढा बरा. मग त्यानं इथल्याच मालावर हात चालवला. कैरीचा रस, गूळ, मिरपूड, सोडा आणि दोन चमचे मोहाची. पेला ओल्या फडक्यात गुंडाळून गार केलेला. याला कॉकटेल म्हणतात, असं त्यानं सांगितलं. पुढे हैदराबादेत आणि मुंबईत बर्फ घातलेली, छत्र्या खोचलेली पुष्कळ कॉकटेलं पाहिली, काही प्यालेही. पसंतीला उतरली ती तीच.

त्याच महिन्यात नणंदेचं लग्न होतं. मुलगा पिंपळगाव रेणुकाईचा, घर खातंपितं, पण कडक माळकरी. त्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा शिरलेलं नव्हतं. आमच्याकडे खातात हे त्यांना ठाऊक होतं. सोयरीक जुळवतानाच विहीणबाईंनी बजावलं होतं, "तुमच्या घरात काय चालतं ते चालू द्या. आमच्या उंबऱ्याच्या आत आलं तर पोरगी माघारी धाडीन." त्या बोललेलं करणाऱ्या होत्या.

रुखवतासाठी आम्ही नखुले वळत होतो. कणकेची बारकी गोळी घ्यायची, अंगठ्यानं दाबून ओढायची, की ती नखासारखी वळते. वाळवून ठेवायची आणि पुढे खीर करायची. बाई एकदा बघायला आली, मांडी घालून बसली आणि न शिकवता भराभर वळायला लागली. त्यांच्याकडेही हेच करतात म्हणे, फक्त खीर करत नाहीत.

लग्नाला तीन दिवस उरले असताना मी मळ्यातून आले, तर जाऊबाई खुशीत होत्या.

"तुमची गोरी मैत्रीण येऊन गेली. टोपलंभर नखुले देऊन गेली वन्सच्या रुखवताला. मी आपल्याच बाजेवर पसरले अन् वाळल्यावर डब्यात भरले समदे."

"आपल्यात मिसळले?"

"मंग काय येगळा डबा करू तिला?"

मी डबा उपडा केला. बन्सीचा रंग मुळातच पिवळसर. अंड्याचा कोणता आणि पाण्याचा कोणता, काही ओळखू येईना. मी सरळ सांगितलं की ती बाई अंड्यात पीठ मळते. सासूबाईंनी आधी दार लावलं.

"गप ऱ्हाय. दुधात शिजल्यावर कोणाला कळून राह्यलंय?"

"आत्याबाई, आपल्या चौघींना कळलंय. उद्या एकीच्या तोंडून निघालं तर?"

"तूच काढशील तोंडातून."

तेव्हा नणंद कोपऱ्यातून म्हणाली, "आई, जन्म मला काढायचाय तिथं. मी त्यांना ते वाढणार न्हाई." ती रडत नव्हती. तिचं बघून मी ठरवलं, सगळे नव्यानं वळायचे.

आमराईत जाऊन बाईला सांगितलं. तिला आधी राग आला. त्यांच्याकडे रोजचं पीठ पाण्याचं आणि सणाचं अंड्याचं. तिनं मानाचं म्हणून दिलं होतं.

"शादी में गरीब का खाना दोगे?" तिनं विचारलं.

"हां. वोच चाहिये. और जल्दी."

मग मात्र ती बाह्या सारून आमच्या ओसरीवर येऊन बसली. दोन दिवस सहा बायका वळत होत्या. दुसऱ्या दुपारी आमची बोटं सुजली, तेव्हा साहेबानं चित्राची वही बाजूला ठेवली आणि तोही बसला. सासूबाईंनी पदर पुढे ओढला, पण त्याच्यापुढे गोळ्यांचं ताट सरकवलं. जुना डबा आम्ही घरात संपवला, लसूण-मिरचीची फोडणी देऊन. एरवी नखुल्यांची गुळाची खीरच खाणाऱ्या सासऱ्यांनी तीनदा मागून घेतलं.

लग्नाच्या दिवशी विहीणबाई रुखवत बघायला आल्या. नावं ठेवणं हा त्यांचा मानच. लाडू बारीक, कुरडया काळ्या, सगळं झालं. नखुल्यांच्या ताटापाशी थांबल्या. एक उचलून आपल्या अंगठ्याशी लावला.

"एवढा अंगठा कोणाचा गं? वळायला गडी बसवला का?"

बायका हसल्या. सासूबाईंनी मला मागून चिमटा घेतला.

"साहेबाचा," मी म्हटलं. "आमराईत राहतो त्याचा. आधीच्या घाण्यात त्याच्या बायकोचं अंडं आल्तं. ते समदं बाजूला काढलं. हे नव्यानं वळलंय. गहू, पाणी, मीठ. दुसरं काही न्हाई."

विहीणबाईंनी हातातला नखुला उलटा करून बघितला. नणंद खाली मान घालून बसली होती.

"आधीचं कुठंय?"

"खाल्लं आम्ही."

"समदं?"

"बिलकुल समदं."

"अन् मला कळलं नसतं तरी सांगितलं असतंस?"

"विचारलंत म्हणून आज सांगितलं. न्हाई तर खीर शिजायच्या आधी सांगितलं असतं."

विहीणबाईंनी हातातला नखुला दाताखाली धरून तोडला. चावला. गिळला.

"जाड झालेत," त्या म्हणाल्या. "शिजायला सरपण जास्तीचं लागंल. ते पण पाठवा संगं."

"पाठवते. दोन मोळ्या बास का?"

"तीन," म्हणाल्या, आणि ताट स्वतःच्या हातानं उचलून आपल्या बाजूच्या बायकांकडे दिलं. नणंदेनं सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली. मी गड्याला सरपण बांधायला पाठवलं.