सात शर्टांत पाहिलेलं डहाणू

डहाणूत जन्मलो, डहाणूतच नोकरी केली, आणि डहाणू पाहिलं ते एकसष्टाव्या वर्षी, एका दिवसात, सात शर्ट बदलून.

(सातांतले सहा माझे. सातवा दिनूचा. त्याच्यावर येतोच.) लग्न कुणाचं नव्हतं, निवडणूकही नव्हती. झालं असं, की बायको सुमन जाऊन दोन वर्षं झाली होती. नरपडला आमची चिकूची वाडी, वाडीत घर, घरात मी. बस्स! मुलगा निखिल, सून सई आणि नात ओवी पुण्याला, अकराव्या मजल्यावर. दर रविवारी निखिलचा फोन यायचा आणि प्रश्नही तोच यायचा, "बाबा, दिवसभर करता काय?"

आता खरं उत्तर काय होतं? सकाळी वरणभात लावतो, दुपारी तोच खातो, रात्री उरलेला संपवतो, आणि मधल्या वेळात विहिरीवरच्या पंपाशी बोलतो. (पंप निदान मधेच तोडत नाही.) पण हे सांगितलं असतं तर निखिल गाडी घेऊन दारात उभा राहिला असता. त्याचं ठरलेलंच होतं, "एकटे राहू नका. वाडी कुणाला तरी कसायला देऊ, तुम्ही इकडे या." सुमनने हाताने लावलेली झाडं दुसऱ्याच्या हवाली करून मी अकराव्या मजल्यावर करायचं काय? लिफ्ट वर गेली की खाली गेली, हे बघत बसायचं? म्हणून एका रविवारी तोंडातून निघून गेलं,

"अरे, मला वेळ कुठे आहे! मी आणि दिनू रोज फिरतो. दुकानं, हॉटेलं, देवळं, किनारे... अख्खं डहाणू-तलासरी पालथं घालतोय!"

मागून सई म्हणाली, "अय्या, मस्तच! मग रोज एक फोटो टाका ना ग्रुपवर!"

मेलो!

दिनू माझा जुना मित्र, तलासरी तालुक्यातल्या झरीचा. घरात नऊ माणसं, दोन बैल आणि आवाज. आम्ही दोघांनी बत्तीस वर्षं फिरतीची सरकारी नोकरी केली. रोज एका गावाला तपासणीला जायचं आणि रोज डायरीत लिहायचं, असा नियम होता. आम्ही महिन्याची डायरी महिनाअखेरीस एका बैठकीत लिहायचो, पेनं बदलून बदलून, म्हणजे ती रोजची वाटावी. (गावं खरंच फिरायचो हो! लिहायचा तेवढा कंटाळा.)

"वसंता," दिनू म्हणाला, "रोज झरीवरून नरपडला आलो तर माझी स्कूटर जीव सोडेल. आपण डायरी कशी लिहायचो? तशीच ही पण लिहू. एक दिवस, सात शर्ट, सात फोटो. रोज एक सोडायचा."

जे बत्तीस वर्षांत साहेबांना कळलं नाही, ते सुनेला काय कळणार! मी कपाटातून सात शर्ट काढले, एक अंगात आणि सहा पिशवीत घातले, दाढी केली आणि स्कूटरवर मागे बसलो.

पहिला फोटो नरपडच्या किनाऱ्यावर, निळ्या शर्टात. दुसरा चिखल्याच्या किनाऱ्यावर, पिवळ्या. तिथे सुरूच्या झाडाआड मी निळा काढला न काढला, तोच बोंबील वाळत घालणारी एक मावशी ओरडली,

"ओ काका! पाण्यात जाऊ नका हां, भरती लागलीय!"

"पाण्यात नाही मावशी, फोटो काढतोय!"

"उघड्यानं?"

मी पिवळा शर्ट उलटा घातला आणि तसाच फोटो काढला.

तिसऱ्या शर्टाला नीट आडोसा हवा, म्हणून दिनूने डोकं लढवलं. स्टेशनजवळच्या कपड्यांच्या दुकानात शिरायचं, तिथला एखादा शर्ट हातात घ्यायचा, ट्रायल रूममध्ये जायचं आणि आपलाच घालून बाहेर यायचं. गेलो. माझा चौकड्यांचा घालून आलो आणि आरशासमोर उभा राहिलो.

"वाह काका! सरस लागे छे!" शेठ खूश. "एकदम तुमच्या मापाचा!"

"माझाच आहे तो."

"पसंत पडला की सगळ्यांना आपलाच वाटतो!" शेठ माझ्या मानेमागे टॅग शोधायला लागला. "टॅग काढून टाकला काय?"

"अहो, टॅग नव्हताच!"

"टॅगशिवाय आपण माल ठेवतच नाय, काका."

गिऱ्हाइकं जमली. दिनू शांतपणे फोटो काढत होता. (मित्र असावा तर असा!) शेवटी मी कॉलर उलटी करून दाखवली. आत लाल दोऱ्याची बारीक फुली होती. इस्त्रीवाल्याकडे अदलाबदल होऊ नये म्हणून सुमन माझ्या प्रत्येक शर्टाला ती घालायची.

"बायकोचं काम आहे हे," मी म्हणालो. "ती नाही आता."

शेठने खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग हळूच विचारलं, "पण काका, मग तुम्ही शर्ट बदलला कशाला?" मी सहा रुमाल विकत घेतले आणि बाहेर पडलो.

चौथा फोटो फरसाणाच्या हॉटेलात काढायचा होता. उजेड कुठे चांगला येतो ते बघायला आम्ही तीन टेबलं बदलली. दोन पिकल्या केसांची माणसं, हातात पिशवी, कोपऱ्याकोपऱ्यातून फोटो घेतायत, हे पाहून मालकाला घाम फुटला.

"साहेब, तपासणीला आलात काय? आधी सांगायचं ना!"

दिनूने फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण सवय वाईट! तो तडक आत गेला, "हे पीठ झाकून ठेवत जा," म्हणाला आणि बाहेर आला. झालं! खमण आलं, फाफडा आला, जिलेबी आली, आणि मागोमाग हात जोडून मालक आला, "पैसे राहू दे साहेब." आता माझी पाचावर धारण बसली. नोकरीभर कुणाचा फुकट चहा घेतला नाही, आणि म्हातारपणी खमणात अडकायचं? मी पैसे टेबलावर ठेवले आणि दिनूला दंडाला धरून ओढलं. घाईत त्याने उरलेला फाफडा चटणीसकट पिशवीत टाकला.

पाचवा फोटो महालक्ष्मीच्या देवळासमोर. तिथे दिनू अडून बसला, "देवीच्या दारात शर्ट बदलायचा नाही. खोटेपणा करायचा तो रस्त्यात." म्हणून देवळाच्या अलीकडेच, रसाच्या गाड्यामागे बदलला. सहावा तलासरीच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या मधे. सातवा हायवेवरच्या हॉटेलात काढायचा म्हणून पिशवी उघडली, तर सातव्या शर्टाने चटणी पिऊन टाकलेली! दिनूने मुकाट्याने स्वतःचा शर्ट काढून दिला आणि बनियनवर चहा पीत बसला. दिनू माझ्या दीडपट. त्या फोटोत मी शर्ट घातलाय की शर्टाने मला घातलंय, ते सांगता येत नाही.

पण एक सांगतो. दोन वर्षांत पहिल्यांदा मी दिवसभर माणसांशी बोललो होतो. शेठशी, मावशीशी, भाजीवाल्याशी भांडलोसुद्धा! संध्याकाळी दिनूने मला वाडीच्या फाटकाशी सोडलं आणि तो बनियनवरच त्याच्या नऊ माणसांत निघून गेला. मी सगळे शर्ट बादलीत भिजवले. घरात कुणीही विचारलं नाही, की एवढे शर्ट का. फार वाईट वाटलं. सुमनने विचारलं असतं, आणि चांगलं फैलावर घेतलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक फोटो सोडायचा आणि दिवसभर घरात बसायचं, असं सुरू झालं. ग्रुपवर कौतुकाचा पूर! सई लिहायची, "बाबा, रोज दाढी करता हं आता! छान!" पिवळ्या शर्टाच्या शिवणी बाहेर दिसत होत्या, तर ओवीने विचारलं, "आजोबा, ही नवी फॅशन का?" सहाव्या दिवशी तर कहर झाला. 'आज तलासरीच्या बाजारात' असं लिहून मी वरणभात कालवत होतो, आणि ओवीचा व्हिडिओ कॉल आला!

मी हात न धुता विहिरीवर धावलो, पंप सुरू केला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

"आजोबा, केवढा आवाज!"

"हायवे आहे बाळा, हायवे! ट्रक जातायत!"

"आजोबा, तुमच्या गालाला भात लागलाय."

"बाजारात खाल्ला!" म्हणालो आणि फोन ठेवला. मग पंप बंद केला. तिला वाडी दाखवायची होती, या वर्षी चिकू किती लागलेत ते दाखवायचं होतं. पण मी तर तलासरीत होतो ना!

आठव्या दिवशी रविवार. निखिलचा आवाज असा आनंदी मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"बाबा, तुमचं झकास चाललंय! खरं सांगू? आम्हाला तुमची फार काळजी होती. पुण्याला या म्हणून आता मागे लागणार नाही."

जिंकलो! मी खुर्चीतून उठलोच.

"आणि मे महिन्यात आम्ही येणार होतो ना, तेही रद्द करतो. तुमच्या कार्यक्रमात उगाच अडथळा नको. आम्ही तिघं जातो कुठेतरी डोंगरात."

"हो हो," मी म्हणालो. "बरं झालं बाबा. मलाही वेळ नव्हताच!"

फोन ठेवला. मे महिन्यासाठी ओवीच्या खोलीला मी रंग दिला होता, तो अजून ओला होता.

संध्याकाळी दिनू त्याचा शर्ट न्यायला आला. मी सगळं सांगितलं. त्याने हसावं अशी माझी फार इच्छा होती. तो हसला नाही.

"गाढवा," तो म्हणाला, "डायरी साहेबाला लिहायची असते. पोराला नाही. आत्ताच्या आत्ता खरं काय ते लिही."

"काय लिहू?"

"जे आहे ते."

बत्तीस वर्षं पानंच्या पानं भरलेला माणूस मी, पण तीन ओळींना अर्धा तास लागला. 'मला एकट्याला करमत नाही. तुमची फार आठवण येते. या.' डोळे मिटले आणि ग्रुपवर पाठवून दिलं.

पाच मिनिटांनी सईचं, "बाबा???" आणि लगेच निखिलचं, "सर्वांनी लक्ष द्या. बाबांचा फोन हॅक झाला आहे. या नंबरवरून पैसे मागितले तर कोणीही देऊ नका." वसईच्या मामींनी खाली लिहिलं, "तरीच! भाषा वसंताची वाटतच नव्हती."

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, घाबरू नका. कुठली लिंक उघडलीत?"

"अरे, मीच लिहिलंय ते."

"कुणी लिहायला लावलं? शेजारी कोण आहे?"

"दिनू आहे. त्यानेच लिहायला लावलं, पण..."

"बाबा, तुमचा आवाज बरोबर येत नाहीये. काही बोलू नका. आम्ही उद्या निघतो!"

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी फाटकात आली आणि तिघं उतरली. ओवी थेट चिकूंत पळाली. निखिलने चपलासुद्धा न काढता आधी फोन मागितला. ओटीवर बसून त्याने तासभर सगळं उलटंपालटं करून पाहिलं आणि शेवटी मान वर केली.

"बाबा, याच्यात काहीच बिघाड नाही हो."

"नीट बघ," मी म्हणालो. "मोठा बिघाड आहे. आठवडा तरी लागेल."