किलकेनीच्या कॅथेड्रलमधली फरशी

आज आईला आयर्लंडमधल्या किलकेनीचं मध्ययुगीन कॅथेड्रल दाखवायला नेलं. पाहुणे आले की मी त्यांना इथे आणतोच, त्यामुळे गाईडसारखा बडबडत पुढे निघालो. मागे वळून बघतो तर आई दारातच उभी!

"अरे, फरशीवर नावं कोरलीयत. थडगी आहेत ना ही?"

"हो गं, पण सगळे चालतात त्यावरून."

तिथल्या स्वयंसेविका आजीही हसून म्हणाल्या, "यू आर ग्रँड, कम इन!" म्हणजे, काही हरकत नाही, या आत.

आईने वाकून दगडाला हात लावला, नमस्कार केला. अक्षरं झिजून जवळजवळ गेलेली होती.

"सगळे चालतात, म्हणूनच पुसलं ना बिचाऱ्याचं नाव?"

आणि ती भिंतीच्या कडेकडेने गेली.

मी इथे पाचव्यांदा आलोय. खाली आज पहिल्यांदाच पाहिलं. तुम्ही पाहता का हो?