कुरडयांचं मैदान

नगरात कुठं राहता असं कुणी विचारलं आणि मी आमच्या कॉलनीचं नाव घेतलं, की जुन्या पेठेतली माणसं हमखास म्हणतात, "बाई गं, एवढ्या लांब?" लांब कसलं डोंबलाचं! शिर्डीच्या रस्त्यानं निघालं की आलंच. एसटीतले, एमआयडीसीतले, शाळामास्तर असे आम्ही इथं घरं बांधली तेव्हा नुसत्या बाभळी होत्या. आता 'मातृछाया' इतक्या झाल्यात की कुरियरवाला रडकुंडीला येतो. पाणी दिवसाआड, तेही रुसल्यासारखं. रिक्षावाले आत यायचं म्हटलं की तोंड वाकडं करतात. करू देत. मला इथून हलायचं नाही.

कॉलनीच्या मधोमध एक मोकळा प्लॉट आहे. नकाशातही तो मोकळाच. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज सपाट मातीवर चालवा, नाहीतर माणूस अंथरुणाला खिळेल. रस्त्यावर डंपरची वर्दळ, घरात उंबरे. उरलं ते मैदान. रोज संध्याकाळी मी ह्यांचा हात धरायची आणि आम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जायचो. चालणं कसलं, पाय ओढणंच ते. पण सुटी कधी घेतली नाही.

आणि मग एका ठेकेदारानं तिथं गाळे बांधायचं काढलं. सोमवारी जेसीबी येणार म्हणाला. माझं डोकंच फिरलं. शेजारच्या सिस्टरबाई, दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, नाताळात आमच्याकडं करंज्या पाठवणाऱ्या. त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "गहू भिजलेत ना तुमचे? माझेही भिजलेत. यंदा कुरडया गच्चीवर नाही घालायच्या."

सोमवारी उजाडताच घरोघरी चीक शिजला. पातेली मैदानात आली, जुन्या साड्या अंथरल्या, सोरे फिरायला लागले. हात भाजत होते, तोंडं चालू होती. जेसीबी आला तेव्हा मातीचा कण दिसत नव्हता.

ठेकेदार म्हणाला, "ताई, हे बाजूला घ्या."

"ओल्या आहेत. ओल्या कुरडया उचलतात का कुठं? घरी आईला विचारा."

तो ड्रायव्हरवर ओरडला, "घाल रे गाडी!"

ड्रायव्हर राजूरकडचा. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि मशीन बंद केलं. "आन्नावर चाक न्हाई घालायचो, शेट. दुसरा कुनी बघा." गेला की निघून!

मग काय, उन्हाळाभर आम्ही ती माती उघडी पडू दिली नाही. कुरडया झाल्या, पापड झाले, सांडगे, मिरच्या. शेवटी महापालिकेची मोजणी झाली आणि मोकळी जागा मोकळीच राहिली.

पण त्या सोमवारी संध्याकाळी माझी फजिती झाली होती. हे नेहमीसारखे काठी घेऊन दारात उभे, आणि चालायला इंचभर जागा नाही! ज्यांच्यासाठी एवढं केलं, त्यांचीच वाट मी अडवून बसले होते. रडूच आलं मला. सिस्टरबाईंनी दोन साड्यांच्या कडा दुमडल्या आणि मधून एक पट्टी मोकळी केली. पट्टी इतकी अरुंद की जेमतेम एक माणूस मावेल.

ह्यांनी पट्टीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या हातातून हात सोडवून घेतला. काठी पुढं, मग पाय. एकही कुरडई न तुडवता हे त्या टोकाला पोचले, लटपटत वळले आणि परत यायला निघाले.

"थांबा, अजून एक साडी उचलते, तुम्हालाही जाता येईल," सिस्टरबाई म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. "राहू द्या," म्हटलं, "हात लावू नका."