दोन पंचांसमक्ष एक पातेलं

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ज्या तपासात कसूरदार माझ्याच ठाण्यातला निघाला आणि त्याला पकडून मला मुळीच आनंद झाला नाही, तो तपास हा एकच.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यात हायवेलगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणं लहान, हद्द मोठी. ढाब्यांवरची भांडणं, ट्रकचे अपघात, आणि तुळजापूरला नवरात्र लागलं की निम्मा स्टाफ बंदोबस्ताला. अशात एक दिवस टपालानं निनावी अर्ज आला. 'आपल्या ठाण्यातील एक कर्मचारी लग्नांत आचारी म्हणून काम करतो. नोकरी सरकारची आणि मसालेभात वऱ्हाडाचा. चौकशी व्हावी.' अर्जाची प्रत वरिष्ठांनाही गेली होती, त्यामुळे अहवाल पाठवणं भाग होतं.

सरकारी नोकराला परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. सिद्ध झालं तर निलंबन, आणि वरिष्ठ कडक असतील तर घरीच. तरी लोक करतात. कुणी भावाच्या नावावर रसवंती टाकतो, कुणी बायकोच्या नावावर पिठाची गिरणी काढतो आणि सुट्टीला दळण स्वतः दळतो. आमच्या खात्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि विचारलं की कुणालाच ठाऊक नसतं.

अर्जात नाव नव्हतं. सकाळच्या हजेरीला मी एकेकाकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागलो. कुणाच्या बोटाला चिरल्याची खूण, कुणाच्या नखांना हळदीचा रंग. दोन दिवस मी एका तरुण शिपायावर संशय घेतला. ती हळद त्याच्या स्वतःच्या लग्नाची निघाली.

मग साध्या कपड्यांत मुरुम गावाच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात गेलो. लग्न ठरवायला आलोय असं सांगून मालकाकडे आचाऱ्याची चौकशी केली. मालक बोलका होता.

"एक मामा हायेत की. लई चव हाय त्यांच्या हाताला. नाव-गाव कोण इचारतं? पर माणूस लई कटकटी बघा. भांडी घ्यायची तर यादी, परत द्यायची तर यादी. वर दोघांच्या सह्या पायजेत म्हणं!"

त्यानं गल्ल्यातून एक कागद काढून माझ्यापुढं टाकला. मी वाचत गेलो. 'एक पितळी पातेले, जुने वापरते, काठाला उजव्या बाजूस चेमटलेले. एक लोखंडी झारा, मूठ सैल. एक कढई, एक कान नसलेली. वरील वस्तू खालील दोन पंचांसमक्ष ताब्यात घेतल्या. यादी वाचून पाहिली, बरोबर आहे.' पंच क्रमांक एक वाढपी होता आणि पंच क्रमांक दोन नवरदेवाचा काका.

जगातला कुठलाही आचारी पातेल्याचा पंचनामा करत नाही. आणि वस्तू कुठल्या बाजूला चेमटली आहे हेसुद्धा लिहिणारा माणूस आमच्या ठाण्यात एकच होता, जप्त मुद्देमाल सांभाळणारा हवालदार. आमच्याकडे हवालदाराला अजून जमादारच म्हणतात. वीस वर्षं जप्तीच्या नोंदी करून त्याच्या हाताला तेच वळण पडलं होतं. मी तिथंच हसलो, मग मालकाकडून तो कागद मागून घेतला. ठाण्यात मी डोळे मिटून विश्वास ठेवावा असा तोच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"जमादार, लग्नांत स्वयंपाक करता म्हणे?"

"न्हाय सायेब." नजर फरशीवर.

माणूस स्वतःच्या अपराधाबद्दल खोटं बोलू शकतो. आपल्या कामाला नावं ठेवलेली मात्र त्याला ऐकवत नाहीत. एवढं मी नोकरीत शिकलो होतो.

"बरं. कारण गेल्या रविवारच्या लग्नात आमटी अगदी पाणचट होती अशी तक्रार आहे."

त्याची मान झटक्यात वर आली. "कोण म्हणला? येळवणीची आमटी हाय ती, सायेब, डाळीच्या कटाची, ती पातळच असती! लोकांनी वाट्या तोंडाला लावून पिली!"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं. मी यादी पुढं सरकवली. त्यानं ती खालपर्यंत वाचली आणि हळूच म्हणाला, "पंच दोनचा पत्ता लिवायचा ऱ्हायला की."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग तो बोलला. लग्नानंतर लई वर्षांनी झालेली मुलगी, पाच वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. सरकारी योजनेतून कानाचं ऑपरेशन झालं, यंत्र बसलं. पण नुसत्या यंत्रानं मूल बोलत नाही, त्याला बोलायला शिकवावं लागतं. त्यासाठी आठवड्यातून दोनदा सोलापूर, आणि तो खर्च घरचा.

"डॉक्टर म्हणले, हीच वर्षं हायेत. आता न्हाय शिकली तर मग जमायचं न्हाय. सुट्टीच्या दिवशीच जायचो सायेब. एकदाच आजारी रजा टाकली. म्या चुकलो."

"कुणी या ओळखीवर ठाण्यातलं काम सांगितलं का?"

"एकानं. त्याची मोटरसायकल आपल्याकडं जप्त हाय. जेवणं झाल्यावर म्हणला, तेवढी सोडा. म्या म्हणलो, कोर्टाचा हुकूम आणा. त्यानंतर त्यानं बोलावलं न्हाय."

अर्ज कुणी लिहिला असेल हे आम्हा दोघांनाही कळलं. नियम कशासाठी असतो हेही मला त्याच क्षणी पटलं. आज ज्याच्या घरी चुलीपुढं उभं राहायचं, उद्या त्याचीच गाडी आपल्या आवारात असते. हा माणूस टिकला. दुसरा टिकलाच असता असं नाही.

अहवाल लिहायला मला दोन दिवस लागले. शिपाई असताना साप्ताहिक सुट्टीला मी मेव्हण्याची जीप सोलापूर-तुळजापूर चालवायचो. माझ्याविरुद्ध कधी कुणी अर्ज केला नाही, एवढाच आमच्यात फरक. तरी मी खरं तेच लिहिलं, आजारी रजेसकट. शेवटी मोटरसायकलची हकीकत लिहिली आणि निलंबन करू नये अशी शिफारस केली. एक वेतनवाढ रोखली गेली आणि सक्त ताकीद मिळाली. त्यानं झारा खाली ठेवला तो कायमचा. मी त्याची साप्ताहिक सुट्टी सोलापूरच्या एका दिवसाला जोडून दिली, दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलून दिली, कल्याण निधीचा अर्ज समोर बसवून भरून घेतला. त्याच्या बायकोनं शेंगदाण्याच्या चटणीचा धंदा काढला, तो मात्र खात्याला रीतसर कळवून. पहिलं गिऱ्हाईक मीच होतो.

हे सगळं मी आधीच करू शकलो असतो, याची लाज वाटते. चोराच्या घरात डबे किती आणि पेट्या किती हे आम्ही झडती घेऊन लिहून ठेवतो. रोज समोर उभा राहून सलाम करणाऱ्या माणसाच्या घरात काय चाललंय, हे मी कधी विचारलं नव्हतं. पुढं जिथं गेलो तिथं हजेरी झाल्यावर एकेकाला बसवून घरची विचारपूस करायची सवय लावून घेतली. काहींना ती कटकट वाटायची. वाटू दे.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी जमादार बायकोला आणि मुलीला घेऊन आला. मुलगी टेबलाला धरून उभी राहिली. मी वाकून, सावकाश विचारलं, "नाव काय तुझं?"

तिनं आधी बापाकडं पाहिलं. त्यानं मदतीला ओठसुद्धा हलवले नाहीत. मग तिनं माझ्याकडं पाहून नाव सांगितलं, थोडं अडखळत, पण पूर्ण, बापाच्या नावासकट.

या लेखात मी कुणाचंही नाव लिहिलेलं नाही, तिचंही लिहिणार नाही. पण त्या दिवशी ते मी तिला तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा तिनं सांगितलं.